बिनाकाचं १९४१ सालचं स्विस पोस्टर: अस्सल लिथो कसं ओळखायचं? आणि हे ‘स्विस डिझाइन’ का नाही म्हणे?

राइनकाठची

नमस्कार मंडळी,

मी बाझलला असते, एका औषध कंपनीत नोकरी करते. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांपुरताच, त्यामुळे जरा सोपं करून सांगा.

इथे पेटर्सप्लाट्झवर शनिवारी जुना बाजार भरतो. गेल्या खेपेला एका विक्रेत्याने पोस्टरं मांडली होती, आणि त्यातल्या एकापुढून मला हलवेना. काचेचा पेला, पेल्यात दात घासायचा ब्रश आणि टूथपेस्टची ट्यूब. नाव बिनाका! आमच्या घरी बुधवारी रात्री गीतमालेसाठी सगळी कामं आधी उरकून ठेवायचे, असं आई अजून सांगते. ते बिनाका इथलं, या गावचं, हे मला त्या विक्रेत्याकडून कळलं.

त्याच्या म्हणण्यानुसार चित्रकार निकलाउस श्ट्योकलीन, साल १९४१, आणि हा अस्सल लिथोग्राफ, म्हणजे दगडावर चित्र काढून केलेली छपाई आहे. किंमत भरपूर आहे, पण मनातून जात नाहीये. मला जाणकारांकडून एवढंच हवंय की अस्सल छपाई आणि नंतर काढलेली नक्कल यांतला फरक साध्या माणसाला बाजारात उभ्या उभ्या कळू शकतो का?

आणखी एक. ऑफिसातल्या एका डिझायनर सहकाऱ्याला फोटो दाखवला तर तो म्हणाला, “छान आहे, पण हे काही खरं स्विस डिझाइन नव्हे. खरं स्विस म्हणजे हेल्व्हेटिका हा टाइप, आखीव चौकटींची ग्रिड, फोटो.” बाझलच्या माणसाने बाझलच्या कंपनीसाठी केलेलं पोस्टर स्विस नाही, हे मला काही पटलं नाही. आणि जाहिरात असून त्यात वाचायला नाव सोडून जवळपास काही नाही, ते का?

---

खडूवाला

राइनकाठची, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यातूनच उलगडतं.

मी सत्तरच्या दशकात जे.जे.ला उपयोजित कला शिकलो. आधी गिरगावात एका लिथो छापखान्यात उमेदवारी केली, सिनेमाची पोस्टरं जस्ताच्या पत्र्यावर खडूने काढत असू. पुढे एजन्सीच्या स्टुडिओत आयुष्य गेलं. झुरिकहून निघणारं ‘ग्राफिस’ नावाचं मासिक आमच्या ग्रंथालयात यायचं. ते १९४४ पासून निघत होतं, आणि त्याचे जुने अंक आम्ही पारायणं केल्यासारखे चाळायचो. श्ट्योकलीन, लॉयपिन, ब्रून ही स्विस पोस्टरकारांची नावं मला तिथे भेटली. तेव्हापासून या माणसांच्या कामावर माझा जीव आहे, म्हणून लांबलचक लिहितोय.

आता मजकूर का नाही ते. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन, फ्रेंच आणि इटालियन बोलणारी माणसं एकाच देशात. वाक्य लिहिलं की तीन वेळा छापायला हवं. पेला, ब्रश आणि ट्यूब मात्र जिनिव्हात, बाझलमध्ये आणि लुगानोत तशीच कळते. दुसरं, तिथली रस्त्यावरची पोस्टरं सगळी एका मापाची: ९०.५ बाय १२८ सेंटिमीटर. १९१४ च्या बर्नच्या राष्ट्रीय प्रदर्शनाच्या वेळी हे माप रूढ झालं आणि पुढे देशभर तेच टिकलं. प्रमाण तेच जे आपल्या ए-फोर कागदाचं, एकास १.४१४. जाहिरातीच्या जागा सांभाळणारी मोठी कंपनी होती, आणि साबणवाला, मटणवाला, बँकवाला, सर्कसवाला सगळ्यांना तिच्या फलकांवर तेवढाच चौकोन मिळायचा. पैसेवाल्याने मोठं होर्डिंग लावून बाकीच्यांना झाकून टाकायची सोयच नव्हती. शेजारच्या पोस्टरवर मात करायची तर चित्रानेच करायची.

असं वस्तूवर बोलणारं पोस्टर आलं बर्लिनहून. १९०६ च्या सुमारास लुसियान बर्नहार्डने प्रीस्टर काडेपेटीसाठी दोन काड्या आणि नाव एवढंच ठेवलं. पण बर्नहार्डच्या काड्या सपाट रंगाच्या होत्या. स्विस मंडळींनी ती वस्तू हाताला लागेल इतकी खरी करून टाकली. ओटो बाउमबर्गरचं १९२३ चं पीकेझेड हे पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानाचं पोस्टर शोधून पाहा. नुसता एक लोकरी ओव्हरकोट. विणीचा धागा न् धागा काढलाय, आतलं अस्तर चमकतंय, आणि संपूर्ण पोस्टरवर दुकानाचं नाव आहे ते फक्त कॉलरच्या आत शिवलेल्या लेबलावर. वाचायला माणसाला जवळ जावं लागतं, आणि जवळ गेला की तो त्या कापडात अडकतो. १९३४ साली पीटर बिर्कहॉयझरने त्याच दुकानासाठी फक्त एक बटण काढलं.

श्ट्योकलीन या सगळ्यांत मोठा चित्रकार. जन्म १८९६, बाझलचाच. १९२५ साली जर्मनीत मानहाइमला ‘नवी वस्तुनिष्ठता’ या नावाचं जे गाजलेलं प्रदर्शन झालं, त्यात तो एकटा स्विस होता. म्हणजे तुमच्या त्या पेल्यामागे गॅलरीतल्या चित्रांचा हात आहे. काच रंगवणं किती अवघड असतं ते ज्याने स्थिरचित्र केलंय त्याला विचारा. काचेला स्वतःचा रंग नसतो. पेल्याच्या कडेला प्रकाश वळतो, ट्यूबचा जो भाग पेल्यात आहे तो जरासा वेगळा दिसतो, तळाशी जाड काचेत सगळं एकवटतं. हे तेलरंगात करायला दिवस लागतात. आणि त्याचं पोस्टर करायचं तर तेच चित्र रंगागणिक वेगवेगळ्या दगडावर किंवा पत्र्यावर पुन्हा हाताने काढायचं.

तेही सांगतो, कारण तुमचा पहिला प्रश्न तिथेच आहे.

लिथोत आधी मूळ चित्राचा बाह्यरेषेचा खाका काढतात आणि तो प्रत्येक दगडावर उतरवतात. मग लिथोकाम करणारा कारागीर डोळ्याने रंग फोडतो: या जागी पिवळा किती, त्यावर करडा किती, सावलीत निळा टाकायचा की नाही. प्रत्येक रंगाचा दगड तो तेलकट खडूने आणि शाईने काढतो. मऊ छटा हवी असेल तर ब्रश शाईत बुडवून, त्याच्या केसांवरून काडी फिरवून शिंतोडे उडवतो. दगड ओला केला की पाणी मोकळ्या जागी बसतं, तेलकट जागी बसत नाही; छापायची शाई बरोबर उलटं वागते. कागद एकेका रंगासाठी एकेकदा मशीनमधून जातो, आणि दर वेळी खुणेवर खूण बसवावी लागते. चित्रकाराची सही पोस्टरवर असते, पण त्या काचेचा निम्मा प्राण या कारागिराच्या बोटांतून आलेला असतो, आणि त्याचं नाव कुठेच छापलेलं नसतं. मला याचं कायम वाईट वाटत आलंय.

तेव्हा बाजारात जाताना दहापट दाखवणारं भिंग घेऊन जा, मुळात कापडाची वीण मोजायचं, पण छापखान्यातली माणसंही वापरतात तसलं छोटं. सावली जिथे उजेडात विरते तिथे ठेवा.

खडूची लिथो असेल तर तिथे ओबडधोबड कण दिसतील, दगडाच्या पृष्ठभागाच्या खरखरीवर खडू जिथे लागला तिथे रंग, खाच राहिली तिथे कागद. त्यात कुठलीही शिस्त नसेल. शिंतोडे असतील तर लहानमोठे गोल ठिपके असतील, तेही विस्कटलेले. करडा रंग ही करडी शाईच असेल, लाल ही लालच शाई असेल.

एकसारख्या अंतरावर, रांगेत बसलेले ठिपके दिसले, आणि त्यांची फुलासारखी नक्षी होत असेल, तर ती फोटोवरून केलेली चार रंगांची ऑफसेट छपाई. आणि कण अगदी बारीक, धुळीसारखे, पण त्यात निळसर, गुलाबी, पिवळे असे वेगवेगळे ठिपके मिसळलेले दिसले, तर ती आजची इंकजेट प्रिंट. हे तिसरं जास्त फसवतं, कारण त्यातही रांगा नसतात. अस्सल लिथोचा फोटो काढून पुन्हा छापलेलं असेल तर दोन्ही दिसतं: मोठे खडूचे कण, आणि त्या कणांच्या पोटात बारीक ठिपके. हे एकदा पाहिलंत की पुन्हा विचारावं लागत नाही.

माप टेपने मोजा. ९०.५ बाय १२८ पेक्षा बरंच कमी भरलं तर कडा कापल्यात किंवा नक्कल आहे. खालच्या कडेला बारीक अक्षरात छापखान्याचं नाव असतं, ते शोधा. आणि कागद पाठीमागून बघू द्या असं सरळ सांगा.

तुमच्या सहकाऱ्याच्या बोलण्याबद्दल मला फार काही म्हणायचंय, पण हात दुखला. उद्या.

---

चौकट

खडूवाला काका, लिथोबद्दलचं वाचून मजा आली. पण सहकाऱ्याची बाजू घेतो. मी पुण्यात ॲप आणि वेबसाइटची डिझाइन करतो, रोज ग्रिडवरच काम असतं.

‘स्विस डिझाइन’ हे नाव जगात पोचलं ते झुरिकच्या मंडळींमुळे. योझेफ म्युलर-ब्रोकमानने टोनहाल या सभागृहासाठी केलेली संगीताची पोस्टरं, त्यातलं १९५५ चं ‘बेटहोफन’. १९५८ ते १९६५ या काळात त्याने रिचर्ड पाउल लोझे, हान्स नॉयबुर्ग आणि कार्लो व्हिव्हारेली यांच्याबरोबर काढलेलं ‘नॉये ग्राफिक’ मासिक. १९५७ साली बाझलजवळच्या म्युन्शनश्टाइनच्या हास टाइप फाउंड्रीतून आलेला नॉये हास ग्रोटेस्क हा टाइप, जो १९६० मध्ये हेल्व्हेटिका झाला. या लोकांची भूमिकाच अशी होती की रंगवलेलं चित्र भुलवतं, ते चित्रकाराच्या स्वभावावर चालतं, आणि माहिती मात्र फोटो आणि अक्षरांनी नेमकी द्यावी. १९५३ चं म्युलर-ब्रोकमानचं ‘मुलांना सांभाळा’ हे वाहतुकीचं पोस्टर घ्या. मोटरसायकलचं प्रचंड मोठं चाक आणि समोर धावणारं छोटं पोर. दोन फोटो, आणि पोटात गोळा येतो. तिथे कुणी पेला रंगवत बसलं नाही.

बाझलमध्येसुद्धा गायगी या औषध कंपनीच्या जाहिरात विभागात माक्स श्मिडच्या हाताखाली पन्नास-साठच्या दशकांत झालेलं काम पाहिलं तर आजच्या डिझाइनचं बीज तिथे दिसतं. श्ट्योकलीन थोर असेल, पण त्याची वाट पुढे कुठे गेली?

---

नॉर्मंडीकर

वाट फ्रान्समध्ये पण होती, आणि ती चांगली रुंद होती! मी कामानिमित्त काँ शहरात राहतो. तिथून समुद्रावर त्रुव्हिल लागतं, फ्रेंच पोस्टरकार रेमाँ साव्हिन्याक म्हातारपणी तिथेच राहिला आणि २००२ साली तिथेच वारला. किनाऱ्यालगत फळ्यांचा रस्ता आहे त्याला त्याचं नाव दिलंय, आणि व्हिला मोंतेबेलो या संग्रहालयात त्याची चित्रं आहेत. कुणी पॅरिसला आलं तर मी आवर्जून तिथे घेऊन जातो.

त्याची मोंसाव्हॉन साबणाची गाय बघा. गाय उभी आहे, आचळातून दूध येतंय आणि खाली त्याची सरळ साबणाची वडी होतेय. दुधाचा साबण, झालं, संपलं. १९४९ मध्ये मित्र बर्नार व्हिल्मोबरोबर पॅरिसला प्रदर्शन केलं आणि त्या गायीने त्याचं नाव झालं. तोपर्यंत चाळिशी उलटलेली होती. तो स्वतःच म्हणायचा की मी ४१ व्या वर्षी मोंसाव्हॉनच्या गायीच्या आचळातून जन्मलो. मॅगीच्या पोस्टरवर आपल्याच अर्ध्या अंगाच्या रश्श्याचा वास घेऊन खूश होणारा बैल, आस्प्रो या डोकेदुखीच्या गोळीच्या पोस्टरवर ज्याच्या डोक्यातून मोटारींची रहदारी वाहतेय असा माणूस. आणि बिक पेनाचा तो गोल डोक्याचा, पाठीमागे पेन धरलेला पोरगा, तोही त्याचाच, १९६० च्या आसपासचा. डोकं गोल कारण पेनाच्या टोकाला गोळी! तो पोरगा तर भारतातसुद्धा लोकांनी पाहिलेला आहे.

त्यामुळे ग्रिड नव्हती म्हणून वाट खुंटली, असं कसं म्हणता येईल?

---

खडूवाला

चौकट, तुमचं म्हणणं मनापासून आवडलं, कारण तुम्ही कामं नीट बघितली आहेत. पण दोन गोष्टी सांगतो.

पहिली, ही दोन घराणी आपण पुस्तकात वेगळी मांडतो. रस्त्यावर ती एकाच फलकावर, एकाच मापाच्या चौकोनात शेजारी शेजारी होती. १९४१ पासून तिथलं गृहखातं दरवर्षी वर्षातली सर्वोत्तम पोस्टरं निवडायला लागलं, त्या निवडीत मटणाचं पोस्टरही असे आणि संगीताचंही. युद्धाने चारही बाजूंनी कोंडलेल्या देशात, रेशनिंगच्या दिवसांत, सरकार साबणाच्या आणि टूथपेस्टच्या पोस्टरांकडे कला म्हणून बघत होतं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. आपल्याकडे ‘कमर्शियल’ म्हटलं की फाइन आर्टवाले नाक मुरडायचे, हे आम्ही जे.जे.त शिकताना रोज अनुभवलंय.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमच्या घराण्याचा जो सगळ्यात उंच माणूस, आर्मिन हॉफमान, तो मुळात लिथोग्राफर म्हणून शिकला आणि त्या कामावर नोकऱ्या करून मग बाझलच्या शाळेत शिकवायला लागला. त्याचं १९५९ चं ‘जिझेल’ पोस्टर घ्या. काळ्या पार्श्वभूमीवर गिरकी घेताना पुसट झालेली नर्तिका, आणि बाजूला उभं लावलेलं नाव. पहिल्या नजरेत फोटो आणि टाइप वाटतं. आता नीट बघा, काळ्यातून पांढरं किती हळूहळू उमलतं, करड्याच्या किती पायऱ्या आहेत. खडू धरून ज्याने दगडावर छटा काढलीय त्यालाच एवढी समज असते. पीकेझेडचा कोट काढणारा बाउमबर्गरसुद्धा लिथोग्राफरच. म्हणजे वाट कुठे गेली म्हणून विचारलंत, तर ती हॉफमानच्या वर्गात गेली. आणि तो वर्ग १९६५ मध्ये काही काळ अहमदाबादला, एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही भरला होता. तिथून निघालेली माणसं पुढे आपल्याकडे अक्षरं घडवायला आणि शिकवायला लागली. तुमच्या ॲपमधल्या ग्रिडमागे कुठेतरी हा खडू आहेच.

म्युलर-ब्रोकमानचंही तसंच. सुरुवातीच्या वर्षांत तो चित्रं काढायचा, नाटकांचे देखावे करायचा. चाकाचं पोस्टर अंगावर येतं ते आकारांच्या विरोधामुळे: चाक केवढं आणि पोर केवढं. फोटो आहे म्हणून नाही. ते मोजमाप डोळ्यात असावं लागतं.

नॉर्मंडीकरांनी साव्हिन्याक आणला हे उत्तम झालं, कारण त्याच्यामुळे बाझलमध्येही वारं बदललं. हर्बर्ट लॉयपिन १९१६ चा, शिकला बाझलला आणि मग पॅरिसला पॉल कोलँकडे. चाळिशीच्या दशकात तो श्ट्योकलीनच्या वाटेनेच जात होता. हात असा की वस्तू कागदावरून उचलून घ्यावी. मग पन्नासच्या दशकात त्याने हात मोकळा सोडला. ‘त्रिब्यून द लोझान’ या दैनिकासाठी १९५५ साली त्याने कॉफीची किटलीच वर्तमानपत्राची केली. सकाळ, पेपर आणि कॉफी, तिन्ही गोष्टी एका आकारात. पेपिता नावाच्या ग्रेपफ्रूटच्या पेयाचा पोपट त्याचाच. इथे हुबेहूबपणा गेला आणि कल्पना पुढे आली. साव्हिन्याकची गाय जशी एका दमात कळते, तसंच.

मला विचाराल तर दोन्हीत लॉयपिनची पहिली तऱ्हा अधिक कठीण आणि दुसरी अधिक आनंदाची आहे. श्ट्योकलीन मात्र पहिल्या तऱ्हेतला शेवटचा शब्द. त्याच्या पेल्यात विनोद नाही, युक्ती नाही. सकाळी उठून मोरीत गेल्यावर जे दिसतं तेवढंच आहे, आणि ते इतकं स्वच्छ आहे की दात घासावेसे वाटतात. टूथपेस्टच्या जाहिरातीने याहून अधिक काय करायचं?

हे सगळं मागे का पडलं, तेही लिहून टाकतो. रंगीत फोटोची छपाई स्वस्त झाली. एका पोस्टरसाठी आठवडे घालणारे कारागीर छापखान्यांना परवडेनात. १९६५ पासून स्विस टीव्हीवर जाहिराती आल्या आणि साबणवाल्यांचा पैसा तिकडे वळला. रस्त्यावर उरली ती सभागृहं, संग्रहालयं, नाटकं, आणि त्यांना टाइप आणि फोटोची शैली शोभून दिसायची. पुस्तकं लिहिणाऱ्यांनीही ‘स्विस’ म्हणून तीच उचलली. किराणा दुकानातल्या वस्तूंसाठी ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांना ‘सजावटी’ म्हणून बाजूला टाकलं. मला हे अन्यायाचं वाटतं आणि मी ते जमेल तिथे बोलत राहणार.

आपल्याकडच्या दगडांची गोष्ट राहिली. मळवलीच्या रविवर्मा प्रेसची लक्ष्मी-सरस्वती ज्या दगडांवर छापली गेली, ते बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणीतले. बारीक कणांचा तो चुनखडीचा दगड लिथोसाठी जगभर तिथूनच जायचा. बाझल-झुरिकच्या छापखान्यांतही तेच. प्रेस चालवणारा फ्रिट्झ श्लायशरही जर्मन. त्यामुळे खडूचे ते कण पाहायचे असतील तर कुणाच्या घरी जुनं रविवर्मा ओलिओग्राफ, म्हणजे रंगीत छापचित्र, असेल त्यावरही भिंग ठेवून बघा. चेहऱ्यावर बहुतेक ठिपकेच ठिपके दिसतील, पण हाताने एकेक टेकवलेले, मशीनच्या रांगेतले नव्हेत.

---

राइनकाठची

काका, किती लिहिलंत! मनापासून आभार. सगळं प्रिंट काढून सहकाऱ्याला जर्मनमध्ये समजावून सांगितलं, तो आता ‘जिझेल’ नव्याने बघतोय.

आज भिंग घेऊन गेले होते. माप ९०.५ बाय १२८ बरोबर भरलं. पेल्याच्या कडेला भिंग ठेवलं आणि तुम्ही म्हणालात तसे वेडेवाकडे कण दिसले, रांग कुठेच नाही, गुलाबी-निळे ठिपकेही नाहीत. पेल्याच्या काठावर जी चमक आहे ती मला पांढरा रंग वाटत होती, भिंगातून बघितलं तर तिथे रंगच नाही, नुसता कागद! खाली बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आहे.

पण पाठ बघू मागितली तर पाठीमागे कापड चिकटवलेलं निघालं. विक्रेता म्हणाला, असं सगळेच करतात. एका कोपऱ्यात रंग जरा वेगळा, जास्त मॅट दिसतोय. काय करू?

---

चौकट

कागद सोडून काढलेली चमक! हे स्क्रीनवर बसून कधी कळलं नसतं. जिझेलबद्दल काकांशी सहमत. पोस्टर घेतलंत तर सांगा, बघायला येतो.

---

खडूवाला

राइनकाठची, वर्णनावरून तरी लिथोच वाटते. कागद मोकळा सोडून चमक आणणं ही दगडावर काम करणाऱ्याची जुनी सवय, कारण पांढरी शाई वरून मारली तर ती कधीच एवढी उजळत नाही.

कापडाला घाबरू नका. कागदाच्या पाठीला पातळ कापड लावून पोस्टर सपाट आणि भक्कम करायची रीत जुनी आहे. फ्रेंच पोस्टरं बहुतेक घड्या घालून ठेवलेली असत, त्यामुळे तिकडे तर जवळपास सगळ्यांना कापड लागलेलं सापडतं. फक्त ते पाण्यात विरघळणाऱ्या खळीने लावलेलं हवं. कडेचा कापडाचा एखादा सुटा धागा ओल्या बोटाने हलकेच दाबून बघा, चिकट झाला तर बहुधा खळ आहे. प्लॅस्टिकसारखा कडक आणि चकचकीत थर लागला तर घेऊ नका, ते पुढे कुणाला काढता येत नाही.

कोपऱ्यातला मॅट भाग म्हणजे बहुतेक फाटलेलं जोडून वरून हाताने रंग भरलाय. तिथे भिंग ठेवा. खडूचे कण थांबून सपाट रंग सुरू झाला तर तसंच आहे. चित्राच्या मोकळ्या भागात, कडेला असेल तर चालतं, पण किंमत उतरायला हवी आणि ते तुम्ही त्याला स्पष्ट सांगा. तेच रंगकाम पेल्यावर किंवा ट्यूबवर आढळलं तर मात्र सोडून द्या, मग त्या काचेचा अर्थच राहत नाही.

पैसे द्यायच्या आधी झुरिकच्या डिझाइन संग्रहालयाच्या, म्हणजे म्युझेउम फ्युर गेश्टाल्टुंगच्या ऑनलाइन संग्रहात श्ट्योकलीनचं नाव टाका. पोस्टरांचा त्यांचा साठा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी आहे. तिथली नोंद आणि तुमच्या प्रतीच्या खालचं छापखान्याचं नाव जुळवून पाहा. बाझलच्या डिझाइन शाळेचाही पोस्टर संग्रह तुमच्या गावातच आहे, तिथल्या माणसांना फोटो पाठवून विचारायला हरकत नाही.

घेतलंत तर खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका. त्या काळच्या शाईतले काही रंग उन्हाने विटतात, आणि आधी कुठला विटेल ते सांगता येत नाही. चौकटीत काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये जाड पुठ्ठ्याची पट्टी टाकायला सांगा, आणि पुठ्ठा आम्लरहित आहे ना ते विचारून घ्या. एवढ्या मोठ्या मापाला काच फार जड होते, त्याऐवजी ऊन अडवणारं ॲक्रिलिक घ्या. आणि पेल्याच्या कडेचा भिंगातून मोबाइलने फोटो काढता आला तर इथे टाका.